डब्यातली डाळ मोजा, मग भाकरीचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारं पाच जणांचं घर. नवरा सोलापूरकडचा, बायको रत्नागिरीची, सासू-सासरे दोघेही पासष्टीच्या पुढचे, मुलगा 9 वर्षांचा. सासूबाईंना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी "मिलेट्स सुरू करा" (म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणीसारखी भरडधान्यं) असं सांगितलंय. कुणीतरी एक छापील आहारतक्ता दिला, त्यात किनोआ, अवोकाडो, ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी. ताई विचारतात, "हे सगळं विकत आणणं परवडत नाही आणि कुणाला आवडतही नाही. आपल्याच भागातल्या अन्नावर आरोग्याला चांगला आणि पर्यावरणालाही जड न होणारा आहार बसवता येईल का? सगळं गहू-तांदूळ बंद करून ज्वारी-नाचणी आणू का?" त्यांनी महिन्याच्या किराण्याची यादीही दिली आहे, त्यासाठी त्यांचे विशेष आभार. गहू 20 किलो, तांदूळ 12, रवा-पोहे-साबुदाणा मिळून 4, सगळ्या डाळी आणि कडधान्यं मिळून 4 किलो, साखर 5, तेल 5 लिटर, शेंगदाणे 2 किलो. आठवड्यातून दोनदा मासे, अधूनमधून अंडी.

ताई, होय, बसवता येईल. पण ज्वारी आणण्याआधी ही यादीच परत एकदा वाचा. गहू, तांदूळ, रवा वगैरे मिळून 36 किलो आणि डाळी 4 किलो, म्हणजे नऊला एक. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाला 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. म्हणजे साधारण तीनाला एक. तुमच्या घरातली खरी अडचण या दोन आकड्यांमध्ये आहे. गव्हाच्या जागी 20 किलो ज्वारी आली आणि डाळ 4 किलोच राहिली, तर घर "मिलेट"वर जाईल आणि सासूबाईंची साखर बहुधा जिथल्या तिथे राहील.

हे मी अनुभवानं सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा मीही लोकांना "चपाती सोडा, भाकरी खा" एवढंच सांगून पाठवत असे. एक काका तीन महिन्यांनी आले, साखर तशीच. चिडले होते. विचारल्यावर कळलं की ते जेवणात चार भाकऱ्या खात होते, सोबत ठेचा आणि कांदा. भाकरी औषधी आहे म्हटल्यावर कितीही चालेल, असा त्यांचा समज. तो समज मीच करून दिला होता. एका भाकरीला 60 ते 70 ग्रॅम पीठ लागतं, घडीच्या चपातीला 30-35. एक भाकरी म्हणजे दोन चपात्या. काकांचं एका बैठकीतलं जेवण आठ चपात्यांचं होतं आणि वाटीत वरण नव्हतं. तेव्हापासून मी आधी डब्यांची वजनं विचारते.

त्या छापील तक्त्याबद्दल एक गोष्ट. ऑलिव्ह तेल, मासे, अक्रोड हा भूमध्य समुद्राकाठचा आहार चांगलाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो त्या लोकांचा प्रादेशिक आहारच आहे. तिथल्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या घरी जे पिकत आणि मिळत होतं त्यातून तो झाला. त्यातून उचलायचा तो सांगाडा: कोंड्यासकट धान्य, रोज कडधान्य, भरपूर पाला, मूठभर तेलबिया, थोडे मासे, गोड क्वचित. आता हा सांगाडा सोलापूरच्या जुन्या ताटावर ठेवून बघा. शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी, मटकीची उसळ, चाकवताची किंवा करडईची भाजी, जवसाची चटणी, ताक. रत्नागिरीच्या ताटावर ठेवा. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, माठाची भाजी, बांगड्याची कढी, कोकमाचं सार. तुमच्या घरात हे दोन्ही सांगाडे आयते आहेत. मधल्या काळात त्यांचं प्रमाण बिघडलं, एवढंच.

किनोआत प्रथिनं ज्वारीपेक्षा थोडी जास्त असतात हे खरं. पण 100 ग्रॅम मटकीत जवळपास 20 ग्रॅम प्रथिनं असतात, कुळथात 21-22. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक; धान्यात लायसिन कमी पडतं, कडधान्यात ते भरपूर; कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यातून येतं. भाकरी-उसळ हा मेळ जुळलेला आहे. फक्त उसळ भाकरीला तोंडी लावण्यापुरती नको, वाटी भरून हवी.

म्हणून पहिला बदल डाळींचा. 4 किलोवरून 8-9 किलोवर जा, पण दोन महिन्यांत. एकदम वाढवलंत तर सासऱ्यांचं पोट फुगेल आणि घरात उठाव होईल. धान्य 36 वरून 30 किलोवर आणा. ताटात मोजायचं तर असं: एक वाटी पातळ वरणात कोरडी डाळ जेमतेम 15-20 ग्रॅम असते, घट्ट उसळीच्या वाटीत 30-35. "आम्ही रोज वरण खातो" म्हणणाऱ्या बहुतेक घरांत माणशी 20 ग्रॅमच डाळ जाते. दिवसातून एकदा वरण किंवा आमटी आणि एकदा घट्ट उसळ किंवा पिठलं, असं धरलं की गणित जवळपास जमतं. मासे-अंडी असतील त्या दिवशी उसळ सोडली तरी चालेल.

कोणती कडधान्यं? तुरीवरच अडू नका. आपल्या वरणातली बरीच तूर हल्ली म्यानमार आणि मोझांबिकहून येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मटकी, हुलगे (तुमच्या माहेरचे कुळीथ), चवळी, हरभरा, मसूर, कोकणातले कडवे वाल, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा अशी फिरती ठेवा. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण त्यासाठी खाऊ नका, चवीला फार छान लागतो म्हणून खा. मोड आणण्याची आपली सवय पोषणाच्या दृष्टीनं सोन्यासारखी आहे. कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह आणि जस्त धरून ठेवतो. भिजवून मोड आणले की तो कमी होतो. भिजवलेलं कडधान्य लवकर शिजतं, गॅस वाचतो. वर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे लोह आणखी चांगलं शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्यातली टॅनिनं हेच सगळं काम उलटं करतात. तासभर थांबा.

आता भाकरी.

ज्वारी आणायचीच तर रब्बीची आणा. शाळू म्हणा, मालदांडी म्हणा. खरिपाच्या ज्वारीचं कणीस पुष्कळदा पावसात सापडतं, दाणा काळवंडतो, भाकरीची चव जाते, आणि मग घरातले म्हणतात "ज्वारी आवडत नाही". तुमच्या सासरच्या बाजूचं मंगळवेढा ज्वारीचं कोठार म्हणून ओळखलं जातं. तिथली काळी, खोल जमीन पावसाचं पाणी पोटात धरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी बहुतेक ठिकाणी त्याच ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. वरून कडबा मिळतो, त्यावर जनावरं जगतात. पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांना मी आधी हे पीक दाखवते. त्याच दुष्काळी पट्ट्यात वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहून पाटाचं आणि बोअरचं पाणी पिणारा ऊस आहे आणि तुमच्या यादीतली 5 किलो साखर त्याच्यातली. माणशी दिवसाला 33 ग्रॅम झाली ती, बाहेरची बिस्किटं-मिठाई न धरता. 20-25 ग्रॅमच्या वर जायला नको. साखर 3 किलोवर आणलीत तर सासूबाईंचं, मुलाच्या दातांचं आणि जमिनीतल्या पाण्याचं असं तिघांचं काम होईल. गूळ हा पर्याय नाही. तोही उसाचाच आहे आणि साखरही तितकीच चढवतो.

दळण थोडं थोडं आणा. ज्वारीचं पीठ फार तर पंधरा दिवस, बाजरीचं आठवडाभर. बाजरीत तेलाचं प्रमाण जास्त, त्यामुळे पीठ लवकर खवट आणि कडू होतं. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, म्हणून पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. ताज्या पिठात उकळतं पाणी घालून, झाकून, मग मळलं की नवशिक्यालाही थापता येते. हे मुद्दाम सांगते, कारण भाकरी घरातून जाते ती बहुतेक वेळा पोषणावरच्या मतभेदामुळे नव्हे, तर ती थापणारं एकच माणूस उरल्यामुळे. पाच माणसांना रोज दोन वेळा भाकऱ्या ही दीड-दोन तासांची, तव्यापुढची मेहनत आहे. तुम्ही नोकरी करता. "टिकाऊ आहार" या शब्दाचा मी लावते तो पहिला अर्थ असा की तो सहा महिन्यांनंतर त्या स्वयंपाकघरात टिकला पाहिजे. त्यामुळे दोन्ही वेळा भाकरी असा नियम करू नका. रात्री भाकरी, सकाळी डब्याला चपाती, आठवड्यात दोन दिवस भात-पिठी. आणि सोलापूरच्या माणसानं भाकरी थापायला शिकावं, जड जाणार नाही. लहानपणापासून बघितलेली असते.

बाजरी थंडीत. 100 ग्रॅममध्ये 6 मिलिग्रॅमच्या वर लोह देणारं हे धान्य आहे. पांढऱ्या तांदळात ते 1 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. तीळ लावून केलीत तर कॅल्शियमही येतं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, कुठल्याच दुसऱ्या धान्यात इतकं नाही. मुलासाठी आणि सासूबाईंच्या हाडांसाठी आठवड्यातून तीन-चारदा नाचणी यावी: भाकरी, आंबील, घावन, काहीही. पण एक खटकणारी गोष्ट सांगते. बाळांसाठी म्हणून आपण जे फडक्यातून गाळलेलं पांढरंशुभ्र नाचणीसत्त्व करतो त्यात बराच कोंडा टाकून देतो आणि नाचणीचं कॅल्शियम जास्त करून त्या सालीतच असतं. मोड आणून, सुकवून, दळून, न गाळता वापरलेलं पीठ जास्त कामाचं.

पाच-सात धान्यं एकत्र दळलेलं "मल्टीग्रेन" पीठ मी सहसा सुचवत नाही. कुणाचीच धड चव येत नाही आणि काय किती खाल्लं ते कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं धान्य खाल्लं तर तेच साधतं.

भात सोडू नका. तुम्ही कोकणच्या, सोडणारही नाही. पण जमेल तेव्हा उकडा तांदूळ आणा. भात कांडण्याआधी उकडला की कोंड्यातली ब गटातली काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि कांडल्यावरही टिकून राहतात. सासूबाईंना भात एक वाटी, आधी भाजी आणि उसळ, भात शेवटी. पाण्यात उभ्या भातखाचरातून मिथेन वायू निघतो, म्हणून तांदळाचा पर्यावरणावरचा भार ज्वारी-नाचणीपेक्षा जास्त, हे खरं आहे. पण जिथे चार महिने पाऊस कोसळतो त्या कोकणात भातच पिकणार. तिथे ज्वारीचा आग्रह धरणं हाही वेडेपणाच. प्रश्न येतो तो दुष्काळी भागातल्या ताटात तांदूळ आणि साखर मुख्य होतात तेव्हा.

"लांबून आलेलं ते वाईट, जवळचं ते चांगलं" असं सरसकट समजू नका. बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीपेक्षा ते पिकवताना होणारा खर्च, म्हणजे पाणी, खत, मिथेन, जनावरांचा चारा, जास्त मोठा असतो. रेल्वेनं आलेली राजस्थानची मटकी तुमच्या शेजारच्या शिवारातल्या साखरेपेक्षा जमिनीला हलकी. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, पुढच्या पिकाला खत कमी लागतं. म्हणजे डाळ वाढवण्याचा सल्ला मी सासूबाईंसाठी दिला, तोच शेतालाही लागू पडतो. मला या विषयातली ही सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

माशांचं तुम्हाला काय सांगणार! तरी दोन गोष्टी. पापलेट-सुरमईपेक्षा बांगडा, तारली, मांदेली यांना वरचं स्थान द्या. बांगडा-तारलीत ओमेगा-3 हे उपयोगी स्निग्धाम्ल चांगलं असतं, हे मासे भराभर वाढतात आणि खिशालाही झेपतात. बोटभर पापलेट विकत घेऊ नका, त्यानं अजून अंडीही घातलेली नसतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात सुकट-सोडे आहेतच. सुकट सालीसकट अख्खी खाल्ली जाते म्हणून कॅल्शियम मिळतं, पण खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार, दोन-तीनदा धुऊन घ्या. सासऱ्यांना रक्तदाब असेल तर बेतानं.

भाजी हा तुमच्या यादीतला दिसत नसलेला भाग, आणि बहुतेक घरांचा दुबळा. शिफारस दिवसाला माणशी 400 ग्रॅमच्या आसपास भाज्यांची आहे, त्यात 100 ग्रॅम पालेभाजी. पाच जणांना रोज दोन किलो! ऐकून लोक हसतात. मी म्हणते, अर्ध्यापासून सुरू करा, पण पाला रोज हवा. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गरोदर मातांचा जो अभ्यास केला, त्यात असं दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. कुठली महाग पावडर नव्हे, पालेभाजी. याच अभ्यासातून आपली बाळं वजनाला कमी पण शरीरात चरबीचं प्रमाण जास्त अशी जन्मतात हे पुढे आलं आणि मधुमेहाचं मूळ किती लवकर रुजतं याची जाणीव झाली. इथल्या मातीतलं संशोधन आहे, म्हणून आवर्जून सांगते.

पालक-मेथीत अडकू नका. तांदुळजा, राजगिरा, माठ, चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, घोळ, शेपू, करडई, शेवग्याचा पाला असं फिरत राहा. पावसाळ्याच्या तोंडाला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली बाजारात येतात, सह्याद्रीतल्या आदिवासी बायका विकायला बसतात. शेवळं घेतलीत तर त्यांच्याचकडून काकडंही (ही आंबट रानफळं) मागून घ्या. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो; आंबट काकडं किंवा चिंच घालून शिजवायची रीत त्यासाठीच आहे. अळूला चिंच लागते तीही म्हणूनच. रानभाजी ओळखणाऱ्याकडूनच घ्या, फिरायला गेल्यावर स्वतः खुडून आणू नका. ज्ञान त्या बायकांकडे आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना 2020 सालची पद्मश्री मिळाली ती अशाच घरच्या वाणांच्या बिया जपण्यासाठी.

उन्हाळ्यात पाला महागतो आणि मुळात मिळत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे त्यावरचा उपाय जुना आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यात खुडून वाळवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात डाळ-दाण्याचा कूट घालून भाजी करायची. सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. वाळवताना क जीवनसत्त्व जातं, लोह-कॅल्शियम राहतं. क साठी लिंबू आहे, आवळा आहे, पेरू आहे. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क असतं आणि ब्लूबेरीच्या डबीच्या पैशांत टोपलीभर पेरू येतात.

तेल: 5 लिटर म्हणजे माणशी दिवसाला 30 ग्रॅम. 4 लिटरच्या खाली आणा. शेंगदाणा आणि करडई आलटूनपालटून चालेल, ऑलिव्ह नको. जवस, तीळ, कारळे, शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या रोज दोन चमचे. त्यातल्या जवसातून वनस्पतीजन्य ओमेगा-3 मिळतं, मासे न खाणाऱ्यांना तर जवळपास तोच आधार. भाजून कुटूनच घ्या, अख्खा जवस पचत नाही.

इथे थोडं थांबून एक इशारा देते. "आजी-आजोबा हेच खाऊन ठणठणीत होते" या वाक्यावर फार विसंबू नका. आजोबा दिवसभर शेतात राबत, आजी सर्वांत शेवटी, उरलेलं खाई. 1972 च्या दुष्काळात सुकडी (मदत म्हणून वाटलेलं पौष्टिक पीठ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांना जुनं ते सोनं म्हणून सांगायला जाऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. घरात सगळ्यांना वाढून तुम्ही शेवटी जेवत असाल तर उसळीचं पातेलं तोवर रिकामं होतं. तुमची वाटी आधी बाजूला काढून ठेवा. हा सल्ला मी प्रत्येक घरात देते आणि दर वेळी समोरची बाई हसून विषय बदलते.

काही गोष्टी प्रादेशिक अन्नातून पुरेशा मिळतीलच असं नाही, ते मान्य करायला हवं. ब-12 धान्य, डाळ, पालेभाजी, मोड यांत नसतं. तुम्ही मासे-अंडी खाता, पण सासू-सासरे शाकाहारी असतील तर दूध-दह्यावर ते पुरेल याची खात्री नाही. शिवाय मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली की ब-12 कमी होऊ शकतं. रक्त तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी, त्यात कमीपणा नाही. मीठ आयोडीनयुक्तच वापरा, सैंधवाच्या नादाला लागू नका, आणि माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचं, पापड आणि ठेचा त्यातच धरायचे.

आता सासूबाई. त्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी चालू असेल तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येईल. मूत्रपिंडाची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डाळी वाढवायचा माझा सगळा सल्ला त्यांना लागू नाही. उपवास मोडायला सांगणार नाही, पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर थोडी बरी, तीही एक वाटी, सोबत दाण्याची आमटी, ताक आणि काकडीची कोशिंबीर. दिवसभर उपास आणि संध्याकाळी भरपेट भगर, असं नको.

सुरुवात कशी करायची? पहिले पंधरा दिवस धान्याला हात लावू नका. आज रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला, परवा उसळ होईल. एक दिवसाआड हे चालू ठेवा. साखरेच्या डब्यातला चमचा लहान करा. तिसऱ्या आठवड्यात 5 किलो शाळू आणा आणि रात्रीच्या जेवणात चार दिवस भाकरी. सासूबाईंना एक, सासऱ्यांना दीड, मुलाला तो मागेल तितकी. त्याला भाकरी नको असेल तर ज्वारीच्या पिठाची धिरडी करा, दही लावून. नाचणी पाचव्या आठवड्यात आली तरी चालेल.

घरी ग्लुकोमीटर असेल तर सासूबाईंची जेवणानंतर दोन तासांची साखर आठवड्यातून तीनदा मोजा: एकदा दोन चपात्यांच्या जेवणानंतर, एकदा एका भाकरीच्या, एकदा वाटीभर भाताच्या. तिन्ही वेळा उसळ आणि भाजी सारखीच ठेवा आणि आकड्याशेजारी त्या दिवशी काय खाल्लं ते वहीत लिहा. सहा आठवड्यांनी ती वही आणि किराण्याची नवी यादी मला दाखवा. भाकरी किती आणि भात किती, हे त्यावरून ठरवू.